रागाचा पत्ता चुकतो तेव्हा

मनोविश्लेषणात ना गोळी, ना इंजेक्शन. रुग्ण बोलतो, उपचारक ऐकतो. मग बरे करते ते काय? याचे एक उत्तर सिग्मंड फ्रॉइड यांना एका अर्धवट राहिलेल्या उपचारातून मिळाले.

इ.स. १९०० च्या ऑक्टोबरात व्हिएन्नात एका तरुण मुलीवर त्यांनी उपचार सुरू केले. लेखनात तिला त्यांनी 'डोरा' हे टोपणनाव दिले. तिला खोकला येई, मधूनच आवाज जाई. वडिलांच्या मित्राने तिच्याशी लगट केली होती. वडिलांनी मात्र तिच्यावर विश्वास ठेवला नाही. फ्रॉइडनी ठेवला. पण 'तुझे मनातून त्याच्यावर प्रेम आहे' हा स्वतःचा अर्थही ते तिच्या गळी उतरवू लागले. ३१ डिसेंबरला डोराने उपचार थांबवले.

१९०५ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध करताना फ्रॉइडनी कबूल केले, की त्या माणसावरचा राग डोरा आपल्यावर काढते आहे, हे त्यांना वेळीच उमगले नाही. जुन्या नात्यातील राग, भीती, ओढ अशी नकळत उपचारकाकडे वळते. याला 'भावनांचे स्थानांतरण' म्हणतात.

समजा, रागीट वडिलांच्या धाकात वाढलेल्या रुग्णाला उपचारकाचे साधे मौनही नाराजी वाटते. उपचारक चिडला, तर जुनेच नाटक पुढे चालू राहते. त्याऐवजी तो विचारतो, "मी नाराज आहे, असे तुम्हाला कशावरून वाटले?" आता जुने नाते त्या खोलीतच तपासता येते. जी अडचण वाटली, तीच उपचाराचे साधन बनते.

उपचारकाच्या मनातही भावना उठतात. त्या ओळखून त्यांच्यावर मात करावी, असे फ्रॉइडनी १९१० मध्ये सांगितले. रुग्णाला समजून घेण्यासाठी त्या उपयोगीही पडतात, असे पाउला हायमन यांनी १९५० मध्ये मांडले.

फ्रॉइड यांच्या अनेक कल्पना आज वादग्रस्त आहेत. डोराच्या रागाला त्यांचा हट्टही कारण होता, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांना वाटते. प्रत्येक राग जुना नसतो!

हे शाळेतही घडते. वडिलांविषयीच्या भावना मुले शिक्षकांकडे वळवतात, असे फ्रॉइडनी १९१४ मध्ये आपल्या शाळेच्या पन्नाशीनिमित्त लिहिले होते. म्हणून एखादा विद्यार्थी अचानक उसळला, तर उत्तर देण्यापूर्वी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारू या. हा राग खरेच माझ्यावर आहे का? आणि असेल, तर माझे काय चुकले?