जुन्या संगणकाचे मोल

जुनी नाणी, तिकिटे, पोथ्या यांचा संग्रह करणारी माणसे आपल्या परिचयाची असतात. त्यांच्या पंक्तीत आता जुने संगणक जमविणारेही येऊन बसले आहेत. संगणक काही वर्षांतच निरुपयोगी ठरतो आणि भंगारात जातो. मग अशा यंत्रासाठी कोणी लाखो रुपये का मोजावेत? ‘ॲपल-१’ या संगणकाची हकीकत ऐकली, म्हणजे हे कोडे उलगडते.

हा संगणक १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तयार झाला. स्टीव्ह वॉझ्निॲक या पंचविशीतील तरुणाने त्याची रचना केली आणि त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्ज याने तो विकण्याची खटपट केली. भांडवलासाठी एकाने आपले गणकयंत्र विकले, दुसऱ्याने मोटारगाडी. एका दुकानदाराने एकदम पन्नास नग मागविले, तेव्हा कोठे त्यांना धीर आला. किंमत ठरली ६६६.६६ डॉलर, एकच अंक पुनःपुन्हा आलेला वॉझ्निॲकला आवडे!

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पडदा आणि कळफलक उभे राहतात. येथे यांपैकी काहीच नव्हते. गिऱ्हाइकाच्या हाती पडे ती सुटे भाग जोडलेली एक हिरवी पाटी. पेटी, कळफलक, रोहित्र आणि पडदा ही ज्याची त्याने मिळवावयाची. त्याची स्मृती अवघी चार हजार अक्षरांची. असे दोन धडे लिहिले की ती भरून जावी.

असे सुमारे दोनशेच संगणक तयार झाले. १९७७ साली ‘ॲपल-२’ आला. तो इतका सरस होता, की पहिल्याकडे कोणी पाहीना. जुने यंत्र परत आणून देणाऱ्यास कंपनीने सवलत देऊ केली आणि परत आलेल्या पाट्या नष्ट करून टाकल्या. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नव्हते. परंतु ज्यांनी ती पाटी माळ्यावर तशीच पडू दिली, त्यांच्या आळसाचे आज आभारच मानावयास हवेत! २०१४ साली न्यूयॉर्क येथील लिलावात अशी एक चालू स्थितीतील पाटी हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरांना घेतली.

मात्र लाखोंनी खपलेला संगणक केवळ जुना झाला म्हणून मोलाचा ठरत नाही. संग्राहक कसून पारख करतो. सोबतची पुस्तिका आहे काय? भाग मूळचेच आहेत काय? यंत्र चालते काय? शेवटच्या दोन प्रश्नांचे एकमेकांशी पटत नाही. यंत्रातील काही कपॅसिटर, म्हणजे विजेचा साठा करणारे भाग, वर्षानुवर्षे पडून राहिले की आतून सुकतात. एकदम वीज सोडली, तर ते फुटतात आणि शेजारच्या भागांनाही घेऊन बुडतात. म्हणून जाणकार मनुष्य विजेचा दाब हळूहळू वाढवीत नेतो. तरीही भाग निकामी निघाला, तर तो बदलावा की नाही? बदलला तर यंत्राचे मूळपण उणावते; न बदलला तर यंत्र मुके राहते. यावर संग्राहकांत वाद आहेत. काहींनी मधला मार्ग काढला आहे, आणि तोच शहाणपणाचा दिसतो. ते काढलेला भाग टाकून देत नाहीत. तारखेची चिठ्ठी लावून एका डबीत यंत्रापाशीच ठेवतात. पुढील मालकाला वाटले, तर तो पुन्हा जागेवर बसविता येतो.