चहा तरतरी देतो की परत करतो?

सकाळचा पहिला चहा पोटात गेला की अंगात जीव येतो, हे आपण इतक्यांदा म्हणतो की त्यात तपासण्यासारखं काही उरलंय असं वाटतच नाही. डोळे नीट उघडतात, चिडचिड ओसरते, कामाला हात लागतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर रॉजर्स यांनी मात्र या रोजच्या अनुभवाला एक प्रश्न विचारला आणि त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ही तरतरी चहा-कॉफी नव्याने देते, की रात्रभरात आपण गमावलेलीच सकाळी परत करते?

प्रश्न समजून घ्यायचा तर आधी कॅफीन मेंदूत काय करतं ते पाहायला हवं. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते जाऊन बसलं की पेशींचं काम मंदावतं. दिवस सरताना येणारी पेंग बऱ्याच अंशी त्यामुळेच. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की तो त्याच जागांवर बसू शकतो, पण मंदावण्याचा निरोप मात्र देत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच हे. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे, पण तो पडलेला असेपर्यंत दुसऱ्याला तिथे बसता येत नाही. म्हणजे कॅफीन शक्ती देत नाही, थकव्याचा निरोप अडवून धरतं. चहा प्यायल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं कॅफीन सर्वाधिक होतं आणि पुढे सुमारे 5 तासांत निम्म्यावर येतं. हा वेळ माणसागणिक बदलतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून ते लवकर निघून जातं, तर गरोदरपणात बराच जास्त वेळ रेंगाळतं.

रोजच रुमाल पडू लागले की शरीर गाडीत सीटा वाढवतं. प्राण्यांना नियमित कॅफीन दिल्यावर त्यांच्या मेंदूत ॲडेनोसिनच्या जागांची संख्या वाढलेली प्रयोगांत दिसली आहे. मग एखाद्या दिवशी चहा चुकला की सगळे रुमाल एकदम उचलले जातात. सीटा नेहमीपेक्षा जास्त, आणि प्रत्येक सीटवर ॲडेनोसिन. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकू लागतं, अंग जड होतं, कशातच मन लागत नाही, घरच्यांच्या साध्या बोलण्याचाही राग येतो. ‘चहा झाला नाही, म्हणून डोकं धरलंय’ असं आपल्याकडे म्हणतात, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. कडक उपासाच्या दिवशी चहाही वर्ज्य करणाऱ्यांना दुपारपर्यंत जी डोकेदुखी गाठते, तिचं सगळं खापर रिकाम्या पोटावर फोडणं बरोबर नाही.

हा त्रास आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केला आहे. लॉरा ज्युलियानो आणि रोलंड ग्रिफिथ्स या अमेरिकी संशोधकांनी 2004 मध्ये तोवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांनी त्रास सुरू होतो, 20 ते 51 तासांच्या दरम्यान तो सर्वाधिक असतो आणि एकूण 2 ते 9 दिवस टिकतो. दिवसाला जेमतेम 100 मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. 100 मिलिग्रॅम म्हणजे चहाचे मोठे दोन कप.

यातला 12 तासांचा आकडा घड्याळाशी ताडून पाहा. संध्याकाळी सहाला शेवटचा चहा घेतला असेल, तर सकाळी सहाला उठताना बारा तास भरलेले असतात. म्हणजे रोज चहा पिणारा माणूस रोज सकाळी त्रासाच्या उंबरठ्यावरच जागा होतो. ते जडत्व आपल्याला झोपेचं वाटतं, पण त्यातला काही वाटा कालच्या चहाचा असतो.

इथेच संशोधनातही एक मोठी चूक दडून राहिली होती. कॅफीनवरच्या बहुतेक प्रयोगांत लोकांना सांगितलं जाई की आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी घेऊ नका. सकाळी निम्म्यांना कॅफीन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण कॅफीन नसलेली मात्रा दिली जाई. मग मूड विचारायचा, बटण दाबण्याचा वेग मोजायचा. कॅफीनवाले दर वेळी पुढे. पण पुढे म्हणजे कोणाच्या पुढे? चष्मा लावणाऱ्या शंभर जणांचे चष्मे रात्री काढून घेतले, सकाळी पन्नास जणांना परत दिले, आणि चष्म्यामुळे नजर सर्वसामान्यांहून तीक्ष्ण होते असा निष्कर्ष काढला, तर तो जितका खरा, तितकाच हा.

यातून बाहेर पडायचं तर ज्यांना कॅफीनची सवयच नाही अशी माणसं तुलनेला हवीत. रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 379 जण होते. काही जण कॅफीन न घेणारे किंवा अगदी थोडं घेणारे, बाकीचे नियमित घेणारे. सगळ्यांनी 16 तास कॅफीन टाळलं. मग दोन्ही गटांत काहींना कॅफीन आणि काहींना कॅफीनविरहित मात्रा दिली. आपल्याला काय मिळालं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नियमित पिणाऱ्यांपैकी ज्यांना कॅफीन मिळालं नाही त्यांची तरतरी घसरली आणि डोकं दुखू लागलं. ज्यांना मिळालं ते सावरले. पण सावरून पोचले कुठे? सवय नसलेली माणसं कॅफीनशिवाय जिथे होती, तिथेच. त्यांच्या वर नाही.

मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. यंत्रं नाहीत, मेंदूची चित्रं नाहीत. तुलनेत फक्त एक योग्य गट आणून ठेवला आणि शेकडो वर्षांच्या एका ठाम समजुतीचं वजन करता आलं. सवय नसलेल्यांना कॅफीन दिल्यावर त्यांची अस्वस्थता मात्र वाढली. ॲडेनोसिनच्या जागेशी संबंधित एका जनुकातल्या फरकामुळे ती काहींना अधिक जाणवते, हेही याच प्रयोगात दिसलं. एखाद्याला एका कपानेच धडधडतं, तेव्हा ती नाजूकपणाची नाटकं नसतात.

सगळ्यांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी ताण, मनःस्थिती आणि कॅफीन यांचा रोजच्या जगण्यात अभ्यास केला. नोकरदारांच्या पाहणीवरून त्यांनी 2005 मध्ये मांडलं की जास्त कॅफीन घेणाऱ्यांत विसरभोळेपणाच्या चुका आणि कामावरचे अपघात कमी आढळतात. आकडे बोलके आहेत, पण पाहणीची एक अडचण असते. ज्यांना चहाने झोप लागत नाही किंवा छातीत धडधडतं, ते आपणहूनच चहा कमी करतात, म्हणजे जास्त पिणाऱ्यांत मुळात सोसणारेच उरतात. झोप कमी झालेली असताना, रात्रपाळीत किंवा लांबच्या रस्त्यावर गाडी चालवताना कॅफीनने लक्ष टिकतं, याबद्दल मात्र दुमत नाही.

आणि ताण? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले जेम्स लेन यांनी नियमित कॉफी पिणाऱ्या 47 जणांची त्यांच्या नेहमीच्या कामाच्या दिवशी मोजणी केली. एका दिवशी 500 मिलिग्रॅम कॅफीन, दुसऱ्या दिवशी कॅफीन नसलेली मात्रा. कॅफीनच्या दिवशी ॲड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक 32 टक्क्यांनी वाढलं आणि रक्तदाबही थोडा चढलेला राहिला. डोस दुपारपर्यंतच दिलेले, परिणाम मात्र संध्याकाळी घरी गेल्यावरही दिसत होता. ऑफिसात भांडण झालं की आपण आधी चहा सांगतो. मन शांत होतं ते बहुधा चार माणसांत उभं राहिल्याने. शरीरातलं ॲड्रेनॅलिन त्या वेळी वरच्याच दिशेला चाललेलं असतं.

रॉजर्स यांचा याहून जुना, 1995 मधला एक छोटा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. त्यात लोकांना अनोळखी चवीचं पेय रोज सकाळी दिलं जाई, काहींना कॅफीन घालून, काहींना न घालता. कॅफीनची सवय असलेल्यांना कॅफीन नसलेलं पेय दिवसेंदिवस तुलनेने नकोसं होत गेलं. सवय नसलेल्यांच्या आवडीत कॅफीनने काहीच फरक पडला नाही. म्हणजे जिभेची आवडही थोडीफार डोक्यातल्या त्या सीटांवरच ठरत होती. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी आधणात आलं ठेचून पडतं, पावडर पडते, आणि तो वास आला की अर्धं घर उठून बसतं. घरात कधीच चहा न घेणारं एक माणूस आहे. त्याला त्याच वेळी त्याच ओट्यापाशी फक्त आल्याचा वास येतो.