खर्रा न खाणाऱ्याचा घसा

विदर्भात ढाणकीकडे पानठेल्यावर पाच मिनिटं थांबा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटणं चालू दिसेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र गिऱ्हाइकासमोर ताजा होतो. त्यामुळे घशाचा कर्करोग म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘खर्रा खात होता का?’ प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे या रोगामागे बहुतेकदा तंबाखूच असतो. पंचाईत होते ती उत्तर ‘नाही’ आलं तर.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाला आणखी एक कारण आहे: एचपीव्ही हा विषाणू, त्यातही त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातला त्याचा हात दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझन यांना २००८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कर्करोग आता याच विषाणूचे मानले जातात.

टॉन्सिलवर खोल खाचा असतात आणि त्यांच्या तळाशी अस्तर विरळ असतं. विषाणूला तिथेच वाट मिळते. मग त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीचे ब्रेक काढून टाकतात. पहिलं पी-५३ संपवतं, दुसरं आरबी. आरबी गेलं की पी-१६ हे प्रथिन साठत जातं. प्रयोगशाळेत गाठीच्या तुकड्यावर त्याची चाचणी केली की काचपट्टी तपकिरी होते. हा तपकिरी रंग तसा दिलाशाचा: २०१० च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात विषाणूजन्य गटातले ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, दुसऱ्या गटातले ५७.

याला ‘तरुणांचा कर्करोग’ मात्र जपून म्हणावं. संसर्ग तरुणपणी होतो, मुख्यतः मुखमैथुनातून, आणि बहुतेकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत परतवून लावतं. उरलेल्या थोड्यांत रोग उगवायला वीस-तीस वर्षं जातात. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत, बऱ्याचदा मानेत न दुखणारी गाठ येते. आपल्याकडे तिला आधी गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, समजतात. टीबी तपासावाच, पण गाठ तीन आठवड्यांत बसली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला घसा दाखवायला हवा.

पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस या १६ क्रमांकाविरुद्धही आहे. तिला २०२२ मध्ये मिळालेली परवानगी ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आहे, तशीच मुलांसाठीही. चौदापर्यंत दोन डोस, पुढे तीन. आधीच शिरलेल्या विषाणूवर ती चालत नाही, म्हणून ती लवकर घ्यायची.