निळी ज्योत कितपत स्वच्छ?

शेगडीची ज्योत निळी आहे, भांड्याचं बूड काळं होत नाही, म्हणजे प्रदूषण नाही, असं आपण धरून चालतो. काजळीपुरतं ते खरंच आहे. चुलीच्या धुराशी तुलना केली तर गॅस कितीतरी चांगला, यातही शंका नाही. पण त्याच निळ्या ज्योतीत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्याच्यासोबत थोडा नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो, आणि हा दुसरा वायू दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली, ती उगाच नाही.

मग गॅसच खराब असेल, असं अनेकांना वाटतं. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांच्या रेणूंत नायट्रोजन नसतोच. तो येतो हवेतून, जिचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. एरवी हा वायू सुस्त, कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ज्योत साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मात्र ऑक्सिजनचे सुटे अणू या बंधाला भिडतात. एक नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, नायट्रोजनचा एक अणू मोकळा होतो आणि तो ऑक्सिजनच्या रेणूवर जाऊन दुसरा घडवतो. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडली. एवढ्या उष्णतेत आणखी शंभर अंश वाढले, तर या साखळीचा वेग कित्येक पटींनी वाढतो. पुढे १९७१ मध्ये फेनिमोर या शास्त्रज्ञाने दाखवलं की ज्योतीच्या अगदी कडेला, इंधनाचे अर्धवट तुटलेले तुकडेही थेट नायट्रोजनवर हल्ला करतात.

हायड्रोजन जाळला की फक्त पाणीच उरतं, हेही म्हणूनच अर्धसत्य. हवेत जळणाऱ्या हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या ज्योतीपेक्षा जास्त तापते, म्हणून तिच्यातही नायट्रिक ऑक्साइड बनतो.

हवा वाढवली की सगळं सुधारतं, हा समजही तपासायला हवा. गरजेपेक्षा किंचित जास्त हवा मिळाली की नायट्रिक ऑक्साइड सर्वाधिक बनतो. हवा भरपूर वाढवून आधीच नीट मिसळली तरच ज्योत थंडावते आणि तो घटतो. वीजकेंद्रांतल्या गॅस टर्बाइनमध्ये हीच युक्ती वापरतात. बॉयलरमध्ये ज्योत थंडावण्यासाठी धुराड्याकडे निघालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा तिच्यात सोडतात. तरीही जे उरतं, त्यावर उत्प्रेरकाच्या थरात अमोनिया सोडून नायट्रोजन आणि पाणी मिळवतात. ज्योत फार थंड केली तर मात्र कार्बन मोनॉक्साइड वाढतो. खरी कसरत तिथेच आहे.

घरी ज्योत पिवळी पडली तर बर्नरची भोकं जरूर साफ करावीत, त्याने काजळी आणि मोनॉक्साइड आटोक्यात येतात. नायट्रोजन डायऑक्साइड त्याने थांबत नाही. त्यासाठी शेगडी पेटवतानाच खिडकी उघडावी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा.