पाच किलो लाकूड, नऊ किलो वायू!

रात्री शेकोटीत पाच किलो वाळकं लाकूड घातलं. सकाळी बघतो तर मूठभर राख. बाकीचं लाकूड गेलं कुठे?

उडून गेलं! वाळक्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे पाच किलोत अडीच किलो. जळताना तो हवेतल्या ऑक्सिजनशी गट्टी करतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन पसार होतो. या वायूचं वजन भरतं नऊ किलोंच्या वर! लाकडापेक्षा वायू जड. (जास्तीचं वजन ऑक्सिजनचं बरं का!)

आता शेकोटीऐवजी जंगल घ्या. जंगलं तोडून, जाळून असा वायू सोडण्यात दोन देश वर्षानुवर्षं आघाडीवर आहेत, ब्राझील आणि इंडोनेशिया.

आधी ब्राझील. तिथलं ॲमेझॉनचं जंगल तुटतं ते मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी. 1988पासून तिथली अवकाश संस्था उपग्रहांच्या चित्रांवरून ही तोड मोजते. 2004च्या मोजणीत सुमारे 27,800 चौरस किलोमीटर जंगल गायब! आपला गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. म्हणजे वर्षात साडेसात गोवे साफ. तेव्हा पर्यावरणमंत्री होत्या मारिना सिल्वा, रबराचा चीक गोळा करणाऱ्या घरातल्या. उपग्रहाला तोड दिसली की पथक रवाना, असा धडाका सुरू झाला. 2012मध्ये आकडा 4,600च्याही खाली आला. पुढे 2021मध्ये तो पुन्हा 13,000वर चढला, 2024मध्ये 6,300च्या आसपास उतरला. सापशिडीच म्हणा ना!

आणि इंडोनेशिया? ब्राझीलच्या पाव हिश्शाहूनही लहान देश. पण शास्त्रज्ञांनी 2012 सालचा हिशेब मांडला, तर जुनं, घनदाट जंगल गमावण्यात त्याने ब्राझीलला मागे टाकलं होतं.

शिवाय इथली खरी मेख जमिनीखाली आहे. सुमात्रा आणि कालीमांतान या भागांतल्या दलदलीत हजारो वर्षं पानं, मुळं, खोडं पाण्यात पडत राहिली. पाण्याखाली ऑक्सिजन कमी, त्यामुळे ती धड कुजलीच नाहीत, नुसते थरावर थर साचले. हे पीट. काही ठिकाणी त्याची खोली दहा मीटरच्या वर, म्हणजे तीन मजली इमारत आत उभी मावेल! ओलं आहे तोवर ते शांत असतं. पण पाम तेलाच्या बागांसाठी चर खणून पाणी काढलं की वाळतं. 1996मध्ये कालीमांतानात दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायची योजना निघाली, हजारो किलोमीटरचे कालवे खणले. भात फारसा पिकलाच नाही. जमीन मात्र सुकली, आणि पुढच्याच वर्षी पेटली.

पीटची आग भडकत नाही, भुशासारखी आतल्या आत धुमसते, कित्येक आठवडे. वरून पाणी मारा, खाली चालूच! 2015मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे, पाऊस रुसला आणि सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली. काही दिवस तर असे होते, की या आगींतून निघालेला वायू अख्ख्या अमेरिकेच्या रोजच्या वायूपेक्षा जास्त भरला. धूर समुद्र ओलांडून सिंगापूरला गेला, तिथल्या शाळांना एक दिवस सुट्टी द्यावी लागली.

2016पासून इंडोनेशियात अशा कालव्यांना मोठ्या प्रमाणावर बांध घालायला सुरुवात झाली. आपल्याकडे ओढ्यावर बंधारा घालतात तो विहिरीला पाणी राहावं म्हणून. तिकडे घालतात जमीन पेटू नये म्हणून!