गाईचं उष्टं

साखर कारखान्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ‘आमच्या कारखान्यात बगॅस जाळून वीज करतात आणि तिला हरित वीज म्हणतात. चिमणीतून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइडच. मग कोळशाचा कार्बन वाईट आणि उसाचा चांगला, असं काही असतं का?’

नसतं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू कुठून आला हे वातावरणाला कळत नाही. फरक आहे तो वयाचा. बगॅसमधला, म्हणजे उसाच्या चोथ्यातला, कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतच होता. उसाने तो पानांतून आत घेतला, कारखान्याने तो परत हवेत सोडला, आणि शेतात खोडव्याला फुटवे आले की तो पुन्हा उसात जाऊ लागतो. चंद्रपूरच्या कोळशातला कार्बन पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली गेला. तो आज वर काढला तर पुन्हा खाली कधी जाणार, याचा विचार माणसाच्या कालमापनात बसत नाही. बायोमासला, म्हणजे अशा जैविक इंधनाला, ‘नूतनक्षम’ म्हणतात ते एवढ्याचसाठी.

हे वय मोजायचं विसरलं की काय होतं, ते इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या ड्रॅक्स केंद्रात पाहायला मिळतं. ब्रिटनचं हे एकेकाळी सर्वांत मोठं कोळशाचं वीज केंद्र होतं. गेल्या दशकात त्याचे बहुतेक संच लाकडाच्या गोळ्यांवर आणले गेले आणि २०२१मध्ये कोळशावरची वीजनिर्मिती थांबली. या गोळ्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जहाजाने येतात. झाड तोडलं त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात उत्सर्जन मांडायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे यॉर्कशायरच्या चिमणीखालचा आकडा कागदावर शून्य दिसतो. पण ऊस वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, तिथे तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढं लाकूड वाढायला काही दशकं जातात. तोपर्यंत तो कार्बन हवेतच. लाकडाच्या गोळ्यांना आणि बगॅसला एकाच रंगाचं लेबल लावणं मला पटत नाही.

बगॅसची खरी जमेची बाजू आणखी एक आहे. ते गोळा करावं लागत नाही. एक टन ऊस गाळला की अडीच-तीनशे किलो बगॅस गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला आपोआप पडतं. वाहतुकीचा खर्च साखरेने आधीच उचललेला असतो. वारा आणि ऊन स्वतःहून चालत येतात. बायोमास मात्र कापा, वाळवा, बांधा, वाहून आणा, अशा कामाचा असतो. म्हणून तर कारखान्यात बगॅस सोन्यासारखं जपलं जातं आणि दोन किलोमीटरवरच्या शेतात हेक्टरी आठ-दहा टन पाचट काडी लावून पेटवून दिलं जातं. ऊर्जा दोन्हींत आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची बगॅसवरची वीजक्षमता अडीच हजार मेगावॅटच्या पुढे गेली, ती या फुकटच्या वाहतुकीच्या जोरावर. आणि ही वीज सूर्य मावळल्यावरही मिळते. वाचकाने एवढं मात्र तपासावं की गळीत हंगाम संपल्यावर आपल्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये काय जातं. काही ठिकाणी त्या महिन्यांत कोळसा वापरतात, आणि तेव्हा चिमणीचं वय एकदम पंचवीस कोटी वर्षांनी वाढतं.

ही झाली जाळण्याची गोष्ट. मला स्वतःला जाळण्यापेक्षा कुजवण्यात जास्त रस आहे, आणि त्या गोष्टीचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला.

इंटरनेटवर ‘जगातलं पहिलं बायोगॅस संयंत्र १८५९मध्ये मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभारलं गेलं’ असं वाक्य शेकडो ठिकाणी सापडतं. गंभीर पुस्तकांतही ते एकमेकांचं बघून उतरलेलं आहे. गंमत अशी, की माटुंग्याचा तो आश्रम १८९०मध्ये सुरू झाला. इमारत नसताना तिचं संडास-पाणी कोणी कुजवलं असेल, हा प्रश्न उतरवून घेणाऱ्यांना पडला नाही. खरं साल १८९७. म्हणजे सालाची चूक कुठेतरी झाली आणि मग ती पुढे वाहत राहिली. त्याआधी दोन वर्षं, १८९५मध्ये, इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सेप्टिक टँकच्या गॅसवर दिवे लावून दाखवले होते. माटुंग्याला मैला मुरणाऱ्या टाकीतला गॅस धरून त्यावर दिवे लावले गेले, पुढे त्याच गॅसवर इंजिनही चाललं. मुंबई महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पौर्वात्य शहरांच्या सांडपाण्यावर १९०६मध्ये जाडजूड पुस्तक काढलं, ते याच काळातल्या कामातून.

हा आश्रम उभा करणारे महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आणि मराठी माणसाने त्यांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गावोगावच्या गोंधळ्यांकडून ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१मध्ये छापणारे ॲक्वर्थ ते हेच. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे आणि आश्रमाच्या टाकीतला गॅस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हा योगायोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माटुंग्यानंतर भारतातला बायोगॅस मैल्याकडून शेणाकडे वळला. १९३९च्या सुमारास भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाईंनी शेणावर प्रयोग केले, १९५१मध्ये जशभाई पटेलांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे तरंगत्या टाकीचं संयंत्र बनवलं, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेलं. नावच पडलं गोबरगॅस. मैल्याची वाट सोडली नाही ती देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांसारख्या मोजक्यांनी. त्यांना पद्मश्री मिळाली ती मृत्यूनंतर, २०१७मध्ये. गोबरगॅसची ठरलेली अडचण सगळ्यांना ठाऊक आहे: एक घनमीटर गॅसला साधारण पंचवीस किलो शेण लागतं. घरचा स्वयंपाक भागवायचा तर चार-पाच जनावरं दावणीला हवीत, आणि टाकीत शेण महिना-सव्वा महिना मुरायला हवं.

शेणच का, हा प्रश्न पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी विचारला. हे वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावती कर्वे यांचे चिरंजीव आणि महर्षी कर्व्यांचे नातू. जर्मनीत डॉक्टरेट, फलटणला निंबकरांच्या संस्थेत करडईवर काम, आणि १९९६मध्ये पुण्यात ‘आरती’ या संस्थेची स्थापना. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या भट्टीसाठी ‘आरती’ला २००२मध्ये लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं होतं. इंजिनिअर मंडळी टाकीचा आकार, घुमटाची जाडी, पाइपांचे कोन यांत गुंतली होती. कर्वे जीवशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांनी टाकीत राहणाऱ्याची भूक विचारात घेतली.

मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मुळात गाईच्या पोटात राहतात. (ते जिवाणूही नव्हेत. १९७७मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आरएनएची तुलना केली आणि सजीवांची एक अख्खी तिसरी शाखाच सापडली, आर्किया नावाची. सजीवांची वंशावळ नव्याने मांडायला लावणारे जीव आपल्या गोठ्यातच होते. वूस यांना नोबेल मिळालं नाही, याची मला अजून रुखरुख वाटते.) गाय कडबा खाते, पोटातले सूक्ष्मजीव त्यातलं पचण्याजोगं पचवतात आणि दिवसाला शंभर-दीडशे लिटर मिथेन ढेकरांतून हवेत जातो. गाईला हवं ते गाईने घेतलं, सूक्ष्मजीवांना हवं ते त्यांनी घेतलं. मग जे उरतं ते शेण. आपण तेच उचलून टाकीत घालतो आणि त्याच जातीच्या सूक्ष्मजीवांना म्हणतो, बनवा मिथेन. पंगत उठल्यावर पानांत राहिलेली देठं आणि कोयी पुढे करून नव्या पाहुण्याला जेवायला बसवावं, तसं हे आहे. तो चघळत बसतो, म्हणून चाळीस दिवस लागतात.

कर्वे म्हणाले, पाहुण्याला ताजं पान वाढा. पिठाच्या गिरणीतलं सांडलेलं पीठ, किडकं धान्य, पिकून गळलेली फळं, अखाद्य तेलबियांची पेंड, खरकटं. स्टार्च आणि साखर. २००३च्या सुमारास त्यांच्या संस्थेने प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घेतल्या, एक हजार लिटरची आणि दुसरी साडेसातशेची, आणि लहान टाकी मोठीत उपडी घातली. दोन किलो कोरड्या स्टार्चपासून सुमारे पाचशे ग्रॅम मिथेन, तोही एक-दोन दिवसांत. तेवढ्यासाठी शेण लागायचं चाळीस किलो. २००६मध्ये संस्थेला ॲशडेन पारितोषिक दुसऱ्यांदा मिळालं, ते याबद्दल.

असले दावे ऐकले की मी आधी कागद-पेन्सिल घेतो. स्टार्चच्या १६२ ग्रॅमपासून रसायनशास्त्र जास्तीत जास्त ४८ ग्रॅम मिथेन देऊ शकतं. दोन किलोला ५९० ग्रॅम. म्हणजे पाचशे हा आकडा कठीण असला तरी निसर्गनियमांत बसणारा आहे. आणि पाचशे ग्रॅम मिथेनमधली ऊर्जा म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला साधारण ५४० ग्रॅम गॅस. १४.२ किलोचं सिलिंडर महिनाभर पुरवणाऱ्या घराला रोज याहून थोडा कमीच लागतो. हिशोब जुळतो.

आता दुसरी बाजू. ते दोन किलो कोरडे आहेत, आणि घरातलं खरकटं ओलं असतं. शिळ्या भातात दोन-तृतीयांश पाणीच. चौघांच्या घरातून दिवसाला अर्धा किलो ओला कचरा निघाला तर त्यातून तीस ग्रॅमच्या आसपास मिथेन मिळेल. त्यावर दोन-अडीच लिटर पाणी उकळेल, म्हणजे घरचा दोन वेळचा चहा होईल. ‘तुमच्या कचऱ्यावर तुमचा स्वयंपाक’ अशा जाहिराती करणारे हा हिशोब सांगत नाहीत. फ्लॅटच्या बाल्कनीपेक्षा हे तंत्र वसतिगृहाची मेस, खानावळ, मंगल कार्यालय आणि बाजार समितीच्या आवारात शोभतं. तिथे अन्न एकाच जागी वाया जातं आणि गॅसही तिथेच लागतो.

शिवाय ताजं पान वाढण्यात एक धोका आहे, तो शेणात नसतो. स्टार्च इतक्या लवकर कुजतं की आधीच्या टप्प्यातले जिवाणू भराभर आम्लं बनवतात आणि मिथेनवाल्यांना ती वेळेत संपवता येत नाहीत. टाकी आंबते. गॅस येतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त, काडी लावली तरी पेटत नाही. शेणात स्वतःचा क्षार असतो, ते आम्ल सावरून घेतं. म्हणून सुरुवातीला टाकीत शेणाचंच विरजण घालतात आणि पीठ मुठीमुठीने वाढवत नेतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात बादलीभर खरकटं ओतून बंद पडलेल्या टाक्या कमी नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात यावर उपाय म्हणून कुजण्याची दोन घरं वेगळी केली आहेत: आधी हवा आणि गरम पाणी देऊन कचरा फोडायचा, मग तो मिथेनच्या टाकीत सोडायचा. हे गावपातळीला किंवा नगरपालिकेला जमतं, खानावळीला नाही.

कर्व्यांच्या या कल्पनेला तिचं श्रेय पुरेसं मिळालं असं मला वाटत नाही. शेणाऐवजी अन्नकचऱ्याला प्राधान्य द्या, हे आता प्रत्येक सरकारी सादरीकरणात असतं. नाव कुठे नसतं. उलट सगळा प्रकाशझोत आहे तो मोठ्या कॉम्प्रेस्ड बायोगॅस प्रकल्पांवर. अशा प्रकल्पांसाठीची केंद्र सरकारची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८मध्ये जाहीर झाली तेव्हा पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं लक्ष्य होतं. मुदत उलटली तेव्हा देश त्याच्या आसपासही पोहोचला नव्हता. आता सीएनजी आणि पाइपगॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याचं बंधन आलं आहे, २०२५-२६मध्ये एक टक्का आणि २०२८-२९पासून पाच टक्के. गॅस शुद्ध करून त्यातलं मिथेनचं प्रमाण ५५-६० टक्क्यांवरून नव्वदच्या पुढे नेण्याचं तंत्र माहीत आहे, बाजाराची हमीही आहे. अडतं ते टाकीच्या तोंडाशी: रोज, वर्षभर, एकसारखं खाणं आणायचं कुठून?

महाराष्ट्रात यावर पहिलं उत्तर प्रेसमड हे दिलं जातं, आणि ते चांगलं उत्तर आहे. रस गाळल्यावरचा हा गाळ उसाच्या तीन-चार टक्के निघतो आणि बगॅससारखाच कारखान्याच्या दारात आयता पडतो. पण तो पडतो नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. पुढच्या महिन्यांसाठी ढीग घालून ठेवला तर तो तापतो, आपलाआपण कुजतो, आणि टाकीत यायचा तो मिथेन काही अंशी थेट हवेत जातो. मिथेन हवेत सुटणं कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी वाईट. वीस वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता धरण्याची ताकद ऐंशीपटीच्या घरात आहे. म्हणून उन्हाळा-पावसाळ्यासाठी आता नेपिअर गवत लावण्याच्या योजना निघत आहेत. गवत जोमाने वाढतं, वर्षातून अनेक कापण्या देतं, आकडेवारी देखणी दिसते. फक्त त्याला जमीन लागते, खत लागतं आणि उन्हाळ्यात पाणी लागतं. मग ते कशाचं उरलेलं राहत नाही, उसाशेजारी उभं असलेलं आणखी एक बागायती पीक होतं, आणि त्याची ऊर्जा मोजायची तर विहिरीवरच्या पंपाच्या विजेपासून मोजावी लागेल.