दान आटले, करार उरले

हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांचे येणेजाणे आता कोणाला नवलाचे वाटत नाही. परदेशी पैशाचे येणेजाणे मात्र आमच्या नजरेआड घडते, आणि त्याचे रूप पुरते पालटले आहे.

एकेकाळी आपला देश हात पसरणारा होता. १९५८ मध्ये जागतिक बँकेने भारताला साहाय्य करणाऱ्या राष्ट्रांचा मेळा जमविला. पी. एल. ४८०चा अमेरिकी गहू आपण खाल्ला, आणि त्याबरोबर आलेला उपदेशही मुकाट्याने गिळला. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या उत्पन्नाचा ०.७ टक्का भाग मदतीस द्यावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० मध्ये ठरविले. मूठभर राष्ट्रे सोडता ते कोणी पाळले नाही. २०२५ मध्ये तर अमेरिकेने आपली मदतसंस्थाच गुंडाळली.

दानाची जागा कर्जाने घेतली. गोव्याच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी २००७ मध्ये जपानकडून सुमारे २,२८० कोटी येनचे कर्ज मिळाले. त्यातून साळावलीच्या जलशुद्धीकरण केंद्राचा विस्तार झाला. पेडणेकरांचे पाणी येते ते चांदेलहून, आणि उन्हाळ्यात येथे टँकरची वाट पाहणे काही चुकलेले नाही. फेड मात्र सर्वांच्याच करातून व्हायची आहे!

तिसरी तऱ्हा मोपेची. तेथील विमानतळ ना दानाचा, ना सरकारी कर्जाचा. उत्पन्नातील ३६.९९ टक्के वाटा राज्याला देण्याची बोली लावून जीएमआर कंपनीने चाळीस वर्षांचा करार मिळविला. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले. जमीन मात्र मोप, वारखंड, चांदेल, कासारवर्णे येथील शेतकऱ्यांची गेली. खासगी भांडवल वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पण दात्याला निदान लाज असे; कराराला फक्त कलमे असतात.

आणखी एक वाट आपण स्वतःच चोखाळली होती. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राने व चार राज्यांनी भांडवल घातले, उरलेला पैसा रोखे विकून देशातच उभारला. पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांना किती छळले, ते येथील वृद्धांना आठवत असेल. तरी १९९८ मध्ये त्यातून गाडी धावली.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. यापुढील प्रत्येक कर्जाच्या व कराराच्या अटी, सही होण्यापूर्वी, मराठीत व कोकणीत छापून ग्रामसभांपुढे ठेवाव्यात. आणि मोपेच्या वाट्यातून येणारी पहिली रक्कम पेडणे तालुक्याच्या नळांसाठी राखून ठेवावी.